हृदयात स्प्रिंग टाकली, तरी त्याच जागी पुन्हा ब्लॉकेज का होतं?

अँजिओप्लास्टी म्हटलं की घरच्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. स्प्रिंग भारतीय की इम्पोर्टेड? औषधवाली की साधी? आणि कितीची? काही महिन्यांनी जिना चढताना पुन्हा छातीत दाटून येतं, पुन्हा अँजिओग्राफी होते आणि त्याच जागी ब्लॉकेज निघतं, तेव्हा चौथा प्रश्न येतो: स्प्रिंग खराब होती का?

नांदेड आणि लातूरकडच्या कुटुंबांसाठी हा प्रश्न फक्त वैद्यकीय नाही. दोन्ही शहरांत आता अँजिओप्लास्टी होते, पण गुंतागुंत वाढली की गाडी हैदराबाद, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या दिशेनं निघते. दुसऱ्यांदा अँजिओप्लास्टी म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा बुडालेली मजुरी आणि पुन्हा नातेवाइकांकडं हात पसरणं. त्यामुळं हे पुन्हा होणारं ब्लॉकेज नक्की काय असतं, आणि त्यात स्टेंटच्या बनावटीचा वाटा किती, हे समजून घ्यायला हवं.

आधी स्टेंट म्हणजे काय ते बघू

ज्याला आपल्याकडं स्प्रिंग म्हणतात तो स्टेंट खरं तर स्प्रिंग नसतो. ती धातूच्या बारीक नळीतून लेझरनं कापलेली जाळी असते. मिटलेल्या अवस्थेत ती एका फुग्यावर बसवलेली असते. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात, अरुंद जागी फुगा फुगवतात, जाळी उघडते आणि वाहिनीच्या भिंतीला टेकून कायमची तिथं बसते.

सुरुवातीला फक्त फुगा होता. सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिच इथं अँड्रियास ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या वाहिनीची जगातली पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली. फुग्यानं वाहिनी उघडायची, पण अनेकांची काही महिन्यांत पुन्हा आकसायची. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी हृदयाच्या वाहिनीत धातूची जाळी बसवली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेनेस्टेंट अभ्यासात फुग्यानंतर ३२ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती, तर स्टेंटनंतर २२ टक्के रुग्णांची.

म्हणजे फायदा झाला, पण प्रश्न संपला नाही. आणि एक नवीन गोष्ट समोर आली. आता वाहिनी बाहेरून दबत नव्हती, कारण जाळी तिला धरून होती. पण जाळीच्या आतल्या बाजूनं मांस वाढत होतं.

रक्तवाहिनी म्हणजे पाईप नाही

ब्लॉकेज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गाळ साचलेला पाईप येतो. ठिबकची नळी तुंबली, साफ केली, पाणी सुरू झालं, इतकं सोपं. पण रक्तवाहिनी जिवंत असते, आणि तिच्यात फुगा फुगवणं म्हणजे तिला आतून जखम करणं.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. रक्त गोठू नये, भिंत गुळगुळीत राहावी, हे काम तो थर करतो. फुगा आणि जाळी दाबली गेली की हा थर खरवडला जातो. त्या जागी आधी प्लेटलेट्स चिकटतात, मग सूज येते आणि भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी आतल्या बाजूला सरकून वाढू लागतात. हाताला खोल कापल्यावर जसा व्रण उठतो, तसाच हा प्रकार.

थोडा व्रण हवाच असतो. त्यामुळं जाळीच्या तारा झाकल्या जातात आणि उघड्या धातूवर रक्त गोठायचा धोका कमी होतो. पण व्रण प्रमाणाबाहेर वाढला तर वाहिनी पुन्हा अरुंद होते. याला डॉक्टर इन-स्टेंट रिस्टेनोसिस म्हणतात. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये ही वाढ साधारण पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसायची.

म्हणजे कसरत अशी आहे: जखम भरली पाहिजे, पण जास्त भरता कामा नये. गेल्या तीस वर्षांत स्टेंटमध्ये जे जे बदल झाले, ते याच एका वाक्याभोवती फिरतात.

तारेची जाडी: एक साधा, पण मोठा प्रयोग

२००१ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एक नेमका प्रश्न विचारला. धातू तोच, नक्षी जवळपास तीच, फक्त तारेची जाडी बदलली तर काय होईल? ६५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ५० मायक्रॉन जाडीच्या तारेचा स्टेंट बसवला, दुसऱ्याला १४० मायक्रॉनचा. अंदाजासाठी सांगायचं तर माणसाचा केस साधारण ७० ते ८० मायक्रॉनचा असतो. म्हणजे एक तार केसापेक्षा बारीक, दुसरी दोन केसांइतकी जाड.

सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी केली तेव्हा बारीक तारेच्या गटात १५ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद झालेली होती. जाड तारेच्या गटात हे प्रमाण २५.८ टक्के होतं. आयसार-स्टीरिओ नावानं हा अभ्यास ओळखला जातो. पुढं वेगळ्या नक्षीचे स्टेंट घेऊन तो पुन्हा केला, तेव्हाही बारीक तारच सरस ठरली.

असं का होतं? हे समजायला गोदावरीचं पात्र डोळ्यासमोर आणा. पात्रात लहान खडा असेल तर पाणी त्यावरून सरळ निघून जातं. मोठा धोंडा असेल तर त्याच्या मागं पाणी घुटमळतं, भोवरे होतात आणि तिथंच गाळ बसतो. जाड तार रक्ताच्या प्रवाहात अशीच आडवी येते. तिच्या मागं प्रवाह मंदावतो, प्लेटलेट्स रेंगाळतात आणि स्नायूपेशींना वाढायला पोषक जागा मिळते. शिवाय जाड तार भिंतीला जास्त इजा करते आणि तिच्यावर पातळ थर पसरायलाही जास्त वेळ लागतो.

वाहिनी मुळात लहान असेल तर हा फरक आणखी जाणवतो. अडीच मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीत दोन्ही बाजूंच्या १४० मायक्रॉनच्या तारा मिळून ११ टक्के व्यास खातात. ६० मायक्रॉनच्या तारा खातात ५ टक्क्यांहून कमी.

मग आधीच बारीक तारा का नाही वापरल्या? कारण स्टीलची तार फार बारीक केली तर जाळीचा जोर कमी होतो आणि एक्स-रेमध्ये ती नीट दिसत नाही. कोबाल्ट-क्रोमियमसारखे मिश्रधातू आले, तेव्हा बारीक आणि तरीही मजबूत जाळी करणं शक्य झालं.

औषधाचा लेप: ईस्टर बेटावरची माती

दुसरा मोठा बदल म्हणजे औषधाचा लेप. १९६४ मध्ये कॅनडाच्या एका मोहिमेनं प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरची माती आणली. त्या मातीतल्या जिवाणूपासून भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल यांच्या चमूनं एक औषध वेगळं केलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून त्याला रॅपामायसिन म्हटलं गेलं. आज ते सिरोलिमस या नावानंही ओळखलं जातं. पेशींची वाढ थांबवण्याचा त्याचा गुण आधी किडनी प्रत्यारोपणात आणि मग स्टेंटवर कामाला आला.

२००२ मध्ये २३८ रुग्णांवरच्या रॅव्हेल अभ्यासाचा निकाल आला. साध्या स्टेंटच्या गटात सहा महिन्यांनी २६.६ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती. सिरोलिमसच्या गटात एकाही रुग्णाची नाही.

जगभर उत्साहाची लाट आली, पण २००६ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत दुसरी बाजू पुढं आली. औषध स्नायूपेशींना रोखतं, तसं ते आतला पातळ थर पुन्हा तयार व्हायलाही उशीर लावतं. तारा उघड्या राहतात आणि वर्ष-दोन वर्षांनीही काही रुग्णांच्या स्टेंटमध्ये अचानक गाठ होते. औषध धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या लेपाचाही काहींना त्रास व्हायचा. वाहिनी हळूहळू आकसली तर बहुतेकदा चालताना छातीत दुखून इशारा मिळतो. अचानक गाठ झाली तर इशारा न देता हार्ट अटॅक येतो.

म्हणून पुढच्या पिढीत तारा बारीक झाल्या, औषधाची मात्रा आटोपशीर झाली आणि लेप शरीराला सोसणारे किंवा काही महिन्यांत विरघळणारे आले. आजच्या औषधी स्टेंटमध्ये पुन्हा ब्लॉकेज होण्याचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्क्यांच्या घरात आहे. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये ते २० ते ३० टक्के होतं. अजूनही शून्य नाही. अमेरिकेत होणाऱ्या एकूण अँजिओप्लास्टींपैकी सुमारे १० टक्के जुन्या स्टेंटमध्येच झालेल्या ब्लॉकेजसाठी असतात.

सगळ्यात महाग स्टेंटची गोष्ट

२०१२ च्या अखेरीस भारतात अॅबॉट कंपनीचा अॅब्सॉर्ब स्टेंट आला. कल्पना मोहक होती. धातू नाहीच. जाळी दोन-तीन वर्षांत विरघळून जाणार आणि वाहिनी पुन्हा मोकळी. किंमत जवळपास दोन लाख रुपये. 'विरघळणारी स्प्रिंग' म्हणून तिची चर्चाही खूप झाली.

पण ती जाळी पॉलिमरची होती. धातूइतका जोर यावा म्हणून तारा जाड ठेवाव्या लागल्या: सुमारे १५० मायक्रॉन. जगातले बाकीचे स्टेंट बारीक होत असताना हा स्टेंट जाडीच्या बाबतीत उलटा, जुन्या काळात गेला होता.

२०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासाचे आकडे आले. दोन वर्षांत अॅब्सॉर्बच्या गटात ३.५ टक्के रुग्णांच्या स्टेंटमध्ये गाठ झाली. धातूच्या औषधी स्टेंटच्या गटात ०.९ टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीनं त्याची विक्री जगभर थांबवली. सगळ्यात नवीन आणि सगळ्यात महाग म्हणून जो विकला गेला, तो आधीच्या स्टेंटपेक्षा कमी सुरक्षित निघाला.

याच्या उलट गोष्ट सुरतची. तिथल्या सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज कंपनीचा सुप्राफ्लेक्स स्टेंट ६० मायक्रॉन तारेचा, सिरोलिमसचा लेप असलेला. युरोपातल्या २३ केंद्रांत १,४३५ रुग्णांवर त्याची अॅबॉटच्याच झियन्स या नावाजलेल्या स्टेंटशी तुलना झाली. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. वर्षभरात स्टेंटशी संबंधित मोठ्या अडचणी सुप्राफ्लेक्सच्या गटात ४.९ टक्के, झियन्सच्या गटात ५.३ टक्के. म्हणजे भारतीय स्टेंट कुठं कमी पडला नाही.

त्यामुळं 'भारतीय की इम्पोर्टेड' या प्रश्नातून रुग्णाला फारसं काही कळत नाही. तारेची जाडी, औषध, लेप आणि त्यामागचा पुरावा, खरा फरक इथं आहे.

मग सगळ्यांना एकच किंमत का?

दिल्ली उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर जुलै २०१६ मध्ये केंद्र सरकारनं स्टेंटचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं म्हणजे एनपीपीएनं कमाल किंमत ठरवली. साधा स्टेंट ७,२६० रुपये. औषधी आणि विरघळणारा, दोन्ही २९,६०० रुपये. त्याआधी औषधी स्टेंटसाठी रुग्णाला लाख-सव्वा लाख मोजावे लागायचे. आता ही मर्यादा दर एप्रिलमध्ये घाऊक महागाईनुसार बदलते. एप्रिल २०२५ पासून साध्या स्टेंटची मर्यादा सुमारे १०,६९३ रुपये, तर औषधी स्टेंटची सुमारे ३८,९३३ रुपये झाली. कर वेगळा.

कंपन्यांची तक्रार अशी की जाड तारेचा जुना आणि बारीक तारेचा नवा, दोन्हींना एकच किंमत दिली तर संशोधन कोण करणार? २०१७ मध्ये काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट भारतातून परत घेण्याची परवानगीही मागितली. २०१८ मध्ये किमतींचा फेरआढावा झाला, पण नव्या स्टेंटसाठी वेगळा वर्ग केला गेला नाही. जास्त किंमत देण्याइतका ठोस फरक सिद्ध झालेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परत घेण्यासाठी ज्या स्टेंटची नावं होती त्यात अॅब्सॉर्बही होता. म्हणजे 'नवीन' म्हणून जास्त किंमत दिली असती तर ती चुकीच्या डिझाइनला गेली असती. पण डिझाइननं फरक पडतो हेही आयसार-स्टीरिओपासून स्पष्ट आहे. किमतीच्या मर्यादेनं लूट थांबवली. रुग्णाच्या आत कोणती जाळी बसली आणि तिच्यामागं कोणता अभ्यास आहे, हे मात्र ती मर्यादा सांगत नाही. ही माहिती सोप्या भाषेत रुग्णापर्यंत पोहोचवायची जबाबदारी अजून कुणी नीट उचललेली नाही.

नांदेड-लातूरसाठी याचा अर्थ काय?

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. लातूरसह उरलेल्या राज्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि तिचं संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढलं आहे. शेतमजूर कुटुंबाला अँजिओप्लास्टी परवडू लागली, त्यात या योजनेचा वाटा मोठा आहे.

योजनेतून उपचार होतात तेव्हा स्टेंट कोणता हे सहसा रुग्ण ठरवत नाही. पण जखम भरण्याचे पुढचे महिने त्याच्याच घरात जातात. आणि तिथं दोन गोष्टी डिझाइनइतक्याच वजनदार ठरतात.

पहिली, शुगर. मधुमेह असेल तर व्रण जास्त उठतो आणि वाहिनी पुन्हा आकसण्याचा धोका वाढतो. भारतात १,८३० मधुमेही रुग्णांवर झालेल्या टक्सिडो अभ्यासात दोन औषधी स्टेंटची तुलना झाली. दोन्हींच्या तारा सारख्याच, ८१ मायक्रॉनच्या. फरक औषधाचा आणि लेपाचा. पॅक्लिटॅक्सेलच्या गटात वर्षभरात ५.६ टक्के रुग्णांना त्या वाहिनीशी संबंधित अडचण आली, एव्हरोलिमसच्या गटात २.९ टक्के. २०१५ मध्ये हा निकाल आला. म्हणजे नुसती जाडीच नाही, औषधही बघावं लागतं, आणि शुगर असलेल्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच.

दुसरी, गोळ्या. तारांवर पातळ थर पसरेपर्यंत रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या लागतात. साधारणपणे सहा महिने, हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर बहुधा वर्षभर. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर हा काळ कमी करतात. पण बरं वाटलं म्हणून, औषध संपलं म्हणून किंवा दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनानं गोळी बंद करणं सगळ्यात घातक. तंबाखू आणि विडी-सिगारेट सुरू राहिली तर हृदयाच्या बाकीच्या वाहिन्यांचाही धोका कायम राहतो.

डॉक्टरांना आणि दवाखान्याला काय विचारावं?

- बिलावर स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहिलेला आहे का? एनपीपीएच्या २०१७ च्या आदेशानुसार तो लिहावाच लागतो. स्टेंटचं कार्ड किंवा स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा.
- स्टेंट औषधी आहे का, औषध कोणतं, तारेची जाडी किती?
- स्टेंट पूर्ण उघडला आहे हे कसं तपासलं? नीट न उघडलेला स्टेंट हे पुन्हा ब्लॉकेज होण्याचं मोठं कारण आहे. गुंतागुंतीच्या जागी वाहिनीच्या आतून सोनोग्राफीसारखं चित्र घेता येतं.
- दोन गोळ्या नेमक्या कोणत्या तारखेपर्यंत? ती तारीख कागदावर लिहून घ्या.
- योजनेतून उपचार असतील तर नंतरच्या तपासण्या आणि औषधं पॅकेजमध्ये येतात का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि पुन्हा ब्लॉकेज झालंच तर?

तेव्हा घाबरून जायचं कारण नाही, पण थांबायचंही नाही. चालताना छातीत दाब, धाप किंवा डाव्या हातात कळ परत आली तर लगेच दाखवायचं. आत पुन्हा एक स्टेंट बसवणं हा एक मार्ग आहे, पण त्यानं वाहिनीत धातूचा आणखी एक थर वाढतो. म्हणून आता औषधाचा लेप असलेला फुगाही वापरला जातो. तो फुगवून औषध भिंतीला लावतात आणि फुगा बाहेर काढतात, आत काहीच उरत नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानंही स्टेंटमधल्या ब्लॉकेजसाठी अशा फुग्याला मंजुरी दिली. काही रुग्णांना बायपासच योग्य ठरतो.

त्याच जागी पुन्हा ब्लॉकेज झालं म्हणजे स्प्रिंग खराबच होती, असा अर्थ नाही. कधी डिझाइन कमी पडतं, कधी जाळी नीट उघडलेली नसते, कधी शुगर आटोक्यात नसते. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टर आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या हातात आहेत. शुगर, तंबाखू आणि गोळीची वेळ घरच्यांच्या हातात. त्यामुळं किंमत विचारून झाली की शेवटच्या गोळीची तारीखही विचारायला विसरू नये.